स्टेल लॉक आणि एकाच वेळचे स्नॅपशॉट: प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

स्नॅपशॉट सेवेतल्या लॉकचं काम आजपासून हातात घेतलं. स्नॅपशॉट म्हणजे व्हॉल्यूमची त्या क्षणाची प्रत, लॉक म्हणजे एका वेळी एकालाच काम करू देणारी खूण, आणि धरणारा मेल्यावरही पडून राहिलेलं लॉक ते स्टेल. सध्याची मांडणी अशी आहे: डेटाचे व्हॉल्यूम (आभासी डिस्क) सेफ या वितरित स्टोरेज क्लस्टरच्या आरबीडीवर (ब्लॉक डिस्क पुरवणारा भाग), स्नॅपशॉटची यादी आणि लॉक ईटीसीडीत (क्लस्टरभर सामाईक असा की-व्हॅल्यू साठा), आणि प्रत्येक नोडवर (क्लस्टरमधल्या मशीनवर) वर्कर नावाची एक प्रोसेस. वर्कर व्हॉल्यूमचं लॉक घेतो, फाइलसिस्टिम गोठवतो (तिच्यावरचं लेखन थांबवतो), स्नॅपशॉट काढतो, फाइलसिस्टिम मोकळी करतो, मागच्या स्नॅपशॉटपासूनचा फरक ऑब्जेक्ट स्टोरेजवर चढवतो आणि शेवटी मॅनिफेस्ट (स्नॅपशॉटच्या तुकड्यांची यादी) लिहून लॉक सोडतो.

लॉक म्हणजे ईटीसीडीतली एक साधी की. तिच्यात होस्टचं नाव, पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) आणि लॉक घेतल्याची वेळ. वर्कर मधेच मेला तर की तशीच पडून राहते, म्हणून कुणीतरी पूर्वी क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणारी सोय) एक स्क्रिप्ट टाकून ठेवली आहे: तासाभरापेक्षा जुनं लॉक दिसलं की उडव.

तक्रारी दोन्ही बाजूंनी येतात. नोड बंद पडला की त्यावरच्या व्हॉल्यूमचे स्नॅपशॉट तासभर अडकतात. उलट एखाद्या मोठ्या व्हॉल्यूमचा फरक चढवायला तासापेक्षा जास्त वेळ लागला, तर स्क्रिप्ट जिवंत वर्करच्या हातातलं लॉक काढून घेते. मग दुसरा वर्कर सुरू होतो आणि दोघं मिळून एकाच मॅनिफेस्टवर लिहितात. शेवटी जे मॅनिफेस्ट उरतं त्यातले काही तुकडे एकाचे, काही दुसऱ्याचे, आणि हे कळतं ते रिस्टोर करताना. मर्यादा वाढवली तर पहिला त्रास वाढतो, कमी केली तर दुसरा. आकडा कितीही बदलला तरी हा पेच सुटणार नाही, कारण लॉकचं वय आणि लॉक धरणाऱ्याचं जिवंत असणं यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

८ जानेवारी

पहिली सूचना आली ती अशी: वय बघू नका, पीआयडी जिवंत आहे का ते बघा. एकाच मशीनवर, कंटेनरशिवाय, हे बऱ्यापैकी चालतं. आमच्याकडे चालत नाही, आणि का चालत नाही हे नीट लिहून ठेवतो, कारण ही सूचना पुन्हा पुन्हा येणार.

कंटेनरच्या आत पीआयडी वेगळे मोजले जातात, त्यामुळे तिथे वर्करचा पीआयडी नेहमी १. म्हणजे जुन्या लॉकमध्ये पीआयडी १ आणि नव्या वर्करने तपासलं तर १ जिवंतच, कारण तो स्वतःच १ आहे! होस्टचं नाव स्थिर ठेवलं असेल तर असं लॉक कधीच स्टेल ठरत नाही. नाव दर वेळी नवं मिळत असेल तर उलटी गत: जुन्या लॉकमधलं नाव कुठल्याच चालू कंटेनरशी जुळत नाही, आणि परक्या होस्टवरचा पीआयडी तर तपासता येत नाही. कंटेनर नसले तरी पीआयडी पुन्हा वापरले जातात. म्हणून नुसत्या पीआयडीऐवजी कर्नलचा बूट आयडी (तो /प्रॉक/सिस/कर्नल/रँडम/बूट_आयडी इथे मिळतो) आणि प्रोसेस सुरू झाल्याची वेळ (प्रोसेसच्या स्टॅट फाइलमधला २२ वा रकाना) अशी जोडी लागते. बूट आयडी बदलला असेल तर त्या बूटमधली कुठलीही प्रोसेस नक्की गेलेली, यात शंका नाही.

ही जोडी लॉकमध्ये लिहायची असं ठरवलं. पण फक्त माणसाला वाचण्यासाठी. निर्णय त्यावर घ्यायचा नाही, कारण दुसऱ्या नोडवरून पहिल्या नोडची अवस्था खात्रीने कळतच नाही. उत्तर आलं नाही याचा अर्थ तो मेला असाही होतो आणि मधलं नेटवर्क तुटलं असाही.

१० जानेवारी

लीजवर आलो. कल्पना जुनी आहे, ग्रे आणि चेरिटन यांचा १९८९ चा निबंध: हक्क कायमचा द्यायचा नाही, मुदतीपुरता द्यायचा, नूतनीकरण झालं नाही की आपोआप संपतो. ईटीसीडीत हे तयार मिळतं. की लीजला बांधायची, वर्कर जिवंत असेतो मुदत वाढवत राहतो. ईटीसीडीचा गो भाषेतला क्लायंट मुदतीच्या साधारण एक तृतीयांशाला एकदा नूतनीकरण पाठवतो. लॉक किती वेळ धरलंय याला आता महत्त्व नाही. मोठा व्हॉल्यूम सहा तास चढत असेल तर सहा तास चढू दे.

मुदत ३० सेकंद ठेवतोय. एक बारकावा: ईटीसीडीचा लीडर (तिच्या सर्व्हरपैकी मुख्य) बदलला की नवा लीडर लीजची मुदत पुन्हा लांबवतो. म्हणजे ३० सेकंद ही किमान मुदत, कमाल नव्हे. वर्करने मात्र आपली मुदत कंजूषपणे मोजायची: उत्तर मिळाल्याच्या क्षणापासून नाही, विनंती पाठवल्याच्या क्षणापासून.

अर्धा प्रश्न इथे सुटतो. उरलेला अर्धा जास्त अवघड.

११ जानेवारी

तो अर्धा प्रश्न आज टेस्टमध्ये डोळ्यांनी बघायला मिळाला. वर्करमध्ये दोन ओळी शेजारी शेजारी आहेत. पहिली: लीज चालू आहे का? दुसरी: मॅनिफेस्ट लिही. या दोन ओळींच्या मधे ब्रेकपॉइंट लावला आणि तिथे वर्करला सिगस्टॉप (प्रोसेस जागीच थांबवणारा सिग्नल) दिला. लीज संपली, दुसऱ्या वर्करने रीतसर लॉक घेतलं, स्नॅपशॉट काढला, मॅनिफेस्ट लिहिलं, लॉक सोडलं. मग पहिल्याला सिगकाँट (पुन्हा चालू करणारा सिग्नल). तो जागा झाला, त्याच्या दृष्टीने तपासणी नुकतीच झालेली, त्यामुळे त्याने शांतपणे आपलं जुनं मॅनिफेस्ट नव्यावर लिहिलं. लॉगमध्ये एकही एरर नाही. दोन्ही वर्कर यशस्वी.

सिगस्टॉप कुणी देत नाही, असं रिव्ह्यूत म्हटलं जाईल. पण गार्बेज कलेक्शनचा (मेमरी साफ करण्याचा) लांब पॉझ, डिस्कवर अडकलेला आयओ, व्हीएमचं (आभासी मशीनचं) लाइव्ह मायग्रेशन, स्वॅपमध्ये गेलेला नोड, हे सगळे सिगस्टॉपच आहेत, फक्त न विचारता येणारे. तपासणी आणि कृती यांच्यात फट असेल तर तपासणी कितीही वेळा केली तरी फट राहते. फट बुजवायची असेल तर तपासणी वर्करकडे नको, जिथे लिहिलं जातं तिथेच हवी.

१५ जानेवारी

म्हणजे फेन्सिंग: जुन्या धरणाऱ्याचं लेखन जिथे लिहिलं जातं तिथेच अडवणं. गुगलच्या चबी लॉक सेवेवरच्या २००६ च्या निबंधात यावरचे दोन्ही मार्ग आहेत. एक म्हणजे सीक्वेन्सर: लॉक घेताना मिळालेला क्रमांक प्रत्येक विनंतीबरोबर पाठवायचा आणि सर्व्हरने जुना क्रमांक नाकारायचा. दुसरा लॉक-डिले: धरणारा गायब झाला तर लॉक लगेच दुसऱ्याला द्यायचं नाही, ठरावीक वेळ (तिथे कमाल एक मिनिट) थांबायचं, म्हणजे वाटेत अडकलेल्या विनंत्या तोवर येऊन जातील. दुसरा मार्ग ज्यांना क्रमांक तपासता येत नाही अशा सर्व्हरसाठी आहे आणि तो पूर्ण बंदोबस्त नाही, हे तिथेही स्पष्ट म्हटलंय. आम्ही पहिला घेतोय.

क्रमांक शोधायला लांब जावं लागलं नाही. ईटीसीडी प्रत्येक बदलाला संपूर्ण क्लस्टरभर वाढत जाणारा रिव्हिजन क्रमांक देते. लॉकची की ज्या रिव्हिजनला तयार झाली तो क्रिएट रिव्हिजन हाच आमचा तो क्रमांक, म्हणजे टोकन. लॉक सुटून पुन्हा घेतलं की टोकन आपोआप मोठं.

मॅनिफेस्टची नोंद ईटीसीडीतच आहे, तिथे काम सोपं: एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये अट आणि लेखन. लॉकच्या कीचा क्रिएट रिव्हिजन अजून माझाच असेल तरच लिही, नाहीतर काहीच करू नको. ११ तारखेची टेस्ट यावर पुन्हा चालवली. जागा झालेला पहिला वर्कर ट्रान्झॅक्शनवर आपटला आणि थांबला.

ऑब्जेक्ट स्टोरेजला आमचं टोकन समजत नाही. तिथे प्रत्येक फाइलच्या नावातच टोकन घालायचं, म्हणजे दोन वर्कर एकमेकांच्या फाइलवर लिहूच शकत नाहीत. जुन्या वर्करने चढवलेलं कुठल्याच मॅनिफेस्टमध्ये येत नाही, कचरा म्हणून राहतं, सावकाश झाडता येईल. शिवाय "आधी नसेल तरच लिही" ही अट लावतोय. ॲमेझॉनच्या एस३ या ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये ही सोय २०२४ च्या ऑगस्टमध्ये आली. त्याआधी असलं काही करायला बाहेरचं लॉक लागायचंच.

१९ जानेवारी

आता प्रत्यक्ष व्हॉल्यूम. मॅनिफेस्ट सुरक्षित राहिलं पण जुना नोड अजून डेटाच्या व्हॉल्यूमवर लिहितोय, असं झालं तर वरची सगळी मेहनत वाया.

आरबीडीचं स्वतःचं एक्सक्लुझिव्ह लॉक आहे आणि त्याची रीत मला मनापासून आवडते. इमेज (आरबीडीवरचा व्हॉल्यूम) उघडणारा क्लायंट तिच्यावर वॉच लावतो, म्हणजे तिच्याबद्दलचे निरोप मिळण्यासाठी नोंदणी करतो. दुसऱ्याला लिहायचं असेल तर तो आधी मालकाला निरोप धाडून लॉक मागतो; मालक जिवंत असेल तर चालू लेखन पुरं करून सोडतो. मालकाचा वॉच गेला असेल (क्लायंटशी संपर्क तुटल्यावर मूळ सेटिंगप्रमाणे ३० सेकंदांनी जातो) तर नवा क्लायंट दोन पावलं टाकतो, आणि याच क्रमाने: आधी जुन्या क्लायंटचा पत्ता ब्लॉकलिस्टमध्ये (अडवलेल्यांच्या यादीत), मग लॉक तोडणं. ब्लॉकलिस्ट ओएसडी मॅपमध्ये असते, त्यामुळे तपासणी ओएसडीच (डिस्क सांभाळणारे सेफचे सर्व्हर) करतात. जुना क्लायंट नंतर उठून बसला तरी त्याचं लेखन डिस्कपर्यंत पोहोचत नाही. लॉक तोडणं हा शेवटचा आणि सगळ्यात कमी महत्त्वाचा भाग. खरं काम ब्लॉकलिस्टचं.

स्टेजिंगवर (चाचणीच्या क्लस्टरवर) एका नोडची वीज तोडली. त्यावरचा व्हॉल्यूम दुसऱ्या नोडवर उघडला पण प्रत्येक लेखनाला एरर. कारण परवानगीत निघालं: हे सेफ यूजर जुन्या काळी हाताने लिहिलेल्या परवानग्यांचे होते आणि त्यात ब्लॉकलिस्टचा हक्कच नव्हता. नव्या क्लायंटला जुन्याला अडवता येत नव्हतं, म्हणून लॉकही तोडता येत नव्हतं. मॉनिटरची (क्लस्टरची नोंद ठेवणाऱ्या सेफच्या सर्व्हरची) परवानगी 'प्रोफाइल आरबीडी' केली की हा हक्क आत येतो. सगळ्या यूजरची यादी काढून परवानग्या बदलल्या. अशी परवानगी वर्षानुवर्षं अपुरी राहू शकते, कारण सुरळीत दिवसात तिची गरजच पडत नाही.

ब्लॉकलिस्टची नोंद मूळ सेटिंगप्रमाणे एका तासाने गळते. म्हणून रनबुकमध्ये (अडचणीच्या वेळी काय करायचं त्या पुस्तिकेत) ठळक घातलं: अडवलेला नोड तासाच्या आत रीबूट किंवा बंद झालाच पाहिजे. निव्वळ "संपर्क नाही" म्हणून सोडून द्यायचा नाही.

२३ जानेवारी

एकाच वेळचे दोन स्नॅपशॉट. लॉक व्हॉल्यूमचं असलं तरी फाइलसिस्टिम गोठवणं नोडवर घडतं, आणि तिथे रात्रीचा ठरलेला स्नॅपशॉट व कुणीतरी हाताने मागितलेला स्नॅपशॉट वेगवेगळ्या वाटांनी येतात. हाताने मागितलेला आमच्या लॉकमधून जातच नव्हता.

काय होतं ते जवळून पाहिलं. पहिली वाट फाइलसिस्टिम गोठवते. दुसरी वाट गोठवायला जाते, कर्नल ईबिझी ("व्यस्त") हा एरर देतो, कारण ती आधीच गोठलेली आहे. दुसऱ्या वाटेचा कोड म्हणतो "जमलं नाही, आवरून बाहेर पडू", आणि आवरण्यात पहिलं काम कुठलं? मोकळी करणं. कर्नल कुणी गोठवलं होतं ते विचारत नाही, मोकळी करतो. पहिली वाट अजून स्नॅपशॉटच्या मधे आहे आणि तिच्या खालून लेखन पुन्हा सुरू झालेलं. तयार झालेला स्नॅपशॉट "ॲप्लिकेशनच्या दृष्टीने सुसंगत" अशा शिक्क्यानिशी यादीत जातो आणि तो शिक्का खोटा असतो.

दुरुस्ती तीन भागांत. गोठवणं आणि मोकळं करणं हे फक्त नोडवरच्या एका एजंटकडे. बाकी सगळ्यांनी त्याला विनंती करायची, तो मोजणी ठेवतो आणि शेवटचा मागणारा संपल्यावरच मोकळी करतो. गोठवण्यावर कमाल मुदत, म्हणजे मागणारा मेला तरी व्हॉल्यूम गोठलेला राहत नाही. आणि मोकळी करताना कर्नलचं उत्तर टाकून द्यायचं नाही: ईइनव्हॅल ("अवैध विनंती") आलं तर याचा अर्थ फाइलसिस्टिम आपल्याआधीच मोकळी झाली होती. अशा स्नॅपशॉटला सुसंगततेचा शिक्का न देता "क्रॅशच्या क्षणासारखा" असाच नोंदवायचा. तो टाकाऊ नसतो, जर्नलवरून (फाइलसिस्टिमच्या बदलांच्या नोंदीवरून) उठतो. पण रिस्टोर करणाऱ्याला खरं काय ते कळलं पाहिजे.

२७ जानेवारी

अनेक व्हॉल्यूमचा गट. डेटाबेसच्या फाइली एका व्हॉल्यूमवर आणि राइट-अहेड लॉग (बदल आधी जिथे नोंदवला जातो तो) दुसऱ्यावर असेल तर क्रमाला फार किंमत आहे. लॉगच्या व्हॉल्यूमचा स्नॅपशॉट आधी आणि डेटाचा काही क्षणांनी काढला, तर डेटातल्या काही पानांचा इतिहास लॉगमध्ये सापडतच नाही, आणि डेटाबेस तिथून उठू शकत नाही. काम न थांबवता सुसंगत छेद कसा घ्यायचा हे चँडी आणि लँपोर्ट यांनी १९८५ मध्ये दाखवलंय, पण त्यासाठी निरोपांच्या वाटेवर खुणेचा निरोप सोडता यावा लागतो. ब्लॉक व्हॉल्यूमला वरच्या ॲप्लिकेशनचे निरोप दिसत नाहीत. आम्हाला थोडा वेळ सगळं थांबवणंच भाग आहे: गटातल्या सगळ्या इमेजची लॉक आधी, मग सगळे स्नॅपशॉट, मग सुटका. लॉक घेण्याचा क्रम इमेजच्या आयडीप्रमाणे, म्हणजे दोन गटांत सामाईक इमेज असली तरी दोघं एकमेकांची वाट बघत अडकणार नाहीत.

२९ जानेवारी

जुने स्नॅपशॉट पुसण्याचं काम आणि फरक चढवण्याचं काम एकमेकांच्या पायात येत होतं: कालच्या स्नॅपशॉटपासून आजचा फरक चढतोय आणि पुसणारा कालचाच पुसतोय. रेस्टिक या बॅकअप साधनाची पद्धत घेतली: तिथे बॅकअप सामाईक लॉक घेतो, प्रून (जुनं झाडणारं काम) एकट्याचं. आम्ही ती व्हॉल्यूमऐवजी एकेका स्नॅपशॉटवर लावली. पुसणाऱ्याने आधी "पुसायचा आहे" अशी खूण करायची, त्यानंतर नवे वाचणारे येत नाहीत, आणि असलेल्यांच्या लीज संपल्या की पुसायचा.

३ फेब्रुवारी

घड्याळ. लॉकमधली वेळ आणि माझी वेळ यांची वजाबाकी कोडमधून पूर्ण काढली; दोन नोडची घड्याळं वेगळी असू शकतात. कुबरनेटीस या कंटेनर चालवणाऱ्या प्रणालीच्या लीडर निवडीच्या कोडमध्ये चांगली रीत आहे: नोंदीतल्या वेळेवर विसंबायचं नाही, नोंद शेवटची बदललेली मी स्वतः कधी पाहिली तिथून माझ्या घड्याळाने मोजायचं. त्याच कोडच्या टिपणात हेही लिहिलंय की यातून फेन्सिंग मिळत नाही, एका वेळी दोघं स्वतःला लीडर समजू शकतात. इतका प्रामाणिक इशारा प्रत्येक लॉक लायब्ररीत हवा.

लिनक्सचं मोनोटोनिक घड्याळ मशीन सस्पेंड असताना पुढे सरकत नाही. म्हणजे झोपून उठलेल्या वर्करला वाटतं, लीजचे वीस सेकंद बाकी आहेत. बूटटाइम घड्याळ झोपेचा वेळही मोजतं, ते वापरतोय. हायपरवायझरने (व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने) अख्खं व्हीएमच थांबवलं तर मात्र आतल्या कुठल्याच घड्याळाची खात्री देता येत नाही. तिथे टोकनच कामाला येतं.

८ फेब्रुवारी

टेस्टचा संच उभा राहिला: सिगस्टॉप, नेटवर्क तोडणं, वीज तोडणं, घड्याळ पुढे-मागे करणं, आणि हे सगळं प्रत्येक पायरीच्या आधी व नंतर. एक छुपा दोष यात सापडला. आमच्या सामाईक रीट्राय लायब्ररीला टोकन नाकारलं जाणं हा तात्पुरता एरर वाटायचा. ती लॉक नव्याने घ्यायची, नवं टोकन मिळवायची आणि जुन्याच पायरीपासून पुढे जायची, म्हणजे जुना डेटा नव्या हक्काने लिहायची. फेन्सिंगला वळसा घालण्याची याहून सोपी वाट नसेल. टोकन नाकारलं गेलं की ते काम संपलं, पहिल्या पायरीपासून नवं काम सुरू, असा वेगळा एरर प्रकार केला.

१२ फेब्रुवारी

हाताने लॉक सोडवण्याच्या कमांडवर बरीच चर्चा झाली. माझं मत होतं की जबरदस्तीचा पर्यायच नको. रात्रपाळी सांभाळणाऱ्या सहकारी मॅडमचं म्हणणं: "पर्याय दिला नाहीत तर लोक थेट ईटीसीडीत जाऊन की पुसतील, आणि तेव्हा ब्लॉकलिस्ट कुणीच करणार नाही." त्यांचं बरोबर आहे. पर्याय ठेवला, पण तो आधी आरबीडीचे वॉचर दाखवतो, जुन्या क्लायंटला ब्लॉकलिस्ट करतो आणि मगच की पुसतो. समजा कुणी थेट की पुसलीच, तरी पुढच्याला मोठं टोकन मिळतं आणि जुन्याचं मॅनिफेस्ट नाकारलं जातं. मॅनिफेस्ट सुरक्षित, व्हॉल्यूम नाही. ब्लॉकलिस्टशिवाय व्हॉल्यूम सुरक्षित नाही, हे कमांडच्या मदतीच्या मजकुरात पहिल्याच ओळीत आहे.

१७ फेब्रुवारी

अर्धवट राहिलेले स्नॅपशॉट झाडणारा वर्कर मर्ज झाला. स्नॅपशॉटच्या नावात टोकन असल्यामुळे नियम छोटा आहे: मॅनिफेस्टमध्ये नोंद नाही आणि टोकन आजच्या लॉकच्या टोकनपेक्षा लहान, तर पुसायचा. चालू असलेला स्नॅपशॉट यात कधीच सापडत नाही. क्रॉनमधली जुनी स्क्रिप्ट आज सगळ्या नोडवरून काढली.

२० फेब्रुवारी

ईटीसीडी बॅकअपवरून रिस्टोर केली तर? रिव्हिजन मागे जातो. मग नवी टोकनं आधी दिलेल्या टोकनांपेक्षा लहान येतात, आणि ऑब्जेक्ट स्टोरेजवरच्या फाइली व स्नॅपशॉटची नावं भविष्यातली वाटू लागतात. झाडणारा वर्कर त्यांना हात लावणार नाही. आणि तेच टोकन दुसऱ्यांदा दिलं गेलं तर नावं आदळतील. ईटीसीडीयूटीएल या ईटीसीडीच्या कमांड साधनाच्या नव्या आवृत्त्यांत रिस्टोर करताना रिव्हिजन पुढे ढकलण्याचा पर्याय आहे, बंप-रिव्हिजन. तो मार्क-कॉम्पॅक्टेड या पर्यायासोबत द्यायचा, म्हणजे जुन्या रिव्हिजनवर वॉच लावून बसलेल्या क्लायंटनाही आपली माहिती शिळी झाल्याचं कळतं. आकडा मोठा दिला, एक अब्ज. ६४ बिटांच्या क्रमांकात तेवढ्याने काही फरक पडत नाही.

रिस्टोरच्या रनबुकमध्ये हे दोन्ही पर्याय घातले. शिवाय सेवा सुरू होताना ऑब्जेक्ट स्टोरेजवरचं सगळ्यात मोठं टोकन ईटीसीडीच्या चालू रिव्हिजनशी ताडून बघते, आणि ते मोठं निघालं तर एकही लॉक न देता थांबते. याची टेस्ट उद्या स्टेजिंगवर, मुद्दाम हे पर्याय न देता केलेल्या रिस्टोरवर.